उतारवयातील परदेशप्रवास : सिद्धता आणि आनंद
(मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्यासमोर चार शब्द बोलण्यास मला पाचारण केले, याबद्दल मी कार्यकारिणीचा ऋणी आहे. विषय कोणता घ्यावा, असे मी चिटणीसांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "साहित्यावर आणि संतांवर बोलणारे पुष्कळ आहेत. तुमचे आयुष्य केंद्र सरकारच्या कचेरीत गेले. ज्यात कागद लागतात असा एखादा विषय घ्या." त्यांच्या बोलण्यात विनोद होता, तसे तथ्यही होते. म्हणून आज आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी ज्याची चर्चा चालू असते, तो उतारवयातील परदेशप्रवासाचा विषय मी निवडला आहे.

पन्नास वर्षांपूर्वी मंडळ स्थापन झाले, त्या काळी परदेशगमन हा तरुणांचा विषय होता. मुलगा उच्च शिक्षणासाठी निघाला की त्याला हार घालून निरोप द्यायचा आणि पुढे त्याच्या पत्रांची वाट पाहायची, एवढेच वडीलधाऱ्यांच्या वाट्याला येत असे. आज मल्लेश्वरम्‌मधील किंवा जयनगरमधील आजीआजोबा मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीस जातात, नातवाच्या मुंजीसाठी सिंगापूरला जातात, किंवा हौसेने सहलीबरोबर युरोप पाहून येतात. जाणारे बदलले, सिद्धता करण्याची आपली रीत मात्र अजून जुनीच आहे. चकल्या-चिवड्याची तयारी महिनाभर चालते आणि औषधांची पिशवी निघण्याच्या आदल्या रात्री भरली जाते.

वृद्धांनी एवढ्या दूर जावे काय, असा प्रश्न कोणी विचारला की मला महर्षी धोंडो केशव कर्वे आठवतात. १९२९ च्या मार्चमध्ये ते इंग्लंडच्या प्रवासाला निघाले, तेव्हा वयाची ७१ वर्षे पुरी होण्यास महिनाच उरला होता. इंग्लंडनंतर ते जिनिव्हा येथील शिक्षण परिषदेस गेले, डेन्मार्कमध्ये एल्सिनोर येथील शिक्षणतज्ज्ञांच्या मेळाव्यास उपस्थित राहिले, पुढे अमेरिकेत व्याख्याने दिली आणि जपानमार्गे १९३० च्या एप्रिलमध्ये स्वदेशी परतले. टोकियोतील ज्या महिला विद्यापीठाच्या माहितीपत्रकावरून त्यांना आपल्या विद्यापीठाची कल्पना सुचली होती, ते विद्यापीठ त्यांनी या प्रवासात प्रत्यक्ष पाहिले. एवढ्यावर न थांबता त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते आफ्रिकेस निघाले आणि केनिया, युगांडा, झांजिबार, दक्षिण आफ्रिका असा सुमारे पंधरा महिन्यांचा दौरा त्यांनी केला. पुढे ते १०४ वर्षे जगले. तेव्हा वय हा स्वतःहून अडथळा ठरत नाही. मात्र अण्णांच्या प्रवासातील दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. आपण कशासाठी जात आहोत, हे त्यांना पक्के ठाऊक होते. दुसरे असे की, ते बोटीने गेले.

बोटीला मुंबईहून इंग्लंडला पोहोचण्यास दोन-तीन आठवडे लागत. घड्याळाचे काटे रोज थोडे थोडे मागे सरत आणि शरीर त्या बदलाशी जुळवून घेई. बोटीवर डॉक्टर असे, डेकवर फिरणे होई, हवामानाचा पालटही हळूहळू अंगवळणी पडे. विमानाने ही सारी सवड हिरावून घेतली आहे. कॅलिफोर्नियाचे घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेतेरा आणि उन्हाळ्यात साडेबारा तास मागे असते; दिवसाची रात्र एका उड्डाणात होते. पूर्वी जी सिद्धता प्रवासातच आपोआप होत असे, ती आता निघण्यापूर्वी घरी बसून करावी लागते. माझ्या मते निदान चार-सहा महिने आधी तिला आरंभ करावा.

प्रथम कागदपत्रे. पारपत्राची, म्हणजे पासपोर्टाची मुदत अजून संपलेली नाही एवढ्यावर समाधान मानू नये. पुष्कळ देश प्रवासाच्या तारखेनंतर आणखी सहा महिने मुदत शिल्लक असावी असा आग्रह धरतात. नावाचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. आपल्याकडील भगिनींचे एक नाव माहेरचे, एक सासरचे. शाळेच्या दाखल्यावर एक, बँकेत दुसरे, अशी स्थिती असते. कर्नाटकात वाढलेल्या पुष्कळांच्या नावांत आडनावाऐवजी केवळ आद्याक्षरे असतात. संयुक्त अरब अमिरातींनी नोव्हेंबर २०२२ पासून पासपोर्टावर एकच नाव असलेल्या पर्यटकांना प्रवेश नाकारण्याचा नियम केला. तेव्हा पासपोर्ट, व्हिसा आणि तिकीट या तिहींवरील नाव अक्षरशः एक आहे की नाही, हे चष्मा लावून स्वतः ताडून पाहावे.

अमेरिकेच्या व्हिसाविषयी थोडे अधिक सांगतो, कारण आपल्यापैकी पुष्कळांची मुले तेथेच आहेत. जानेवारी २०२५ मध्ये बंगळुरात अमेरिकेच्या वकिलातीचे उद्घाटन झाले. पण व्हिसाचे काम त्या वेळी येथे सुरू झाले नव्हते, आणि बंगळूरकरांना मुलाखतीसाठी चेन्नई किंवा हैदराबादची वाट धरावी लागत आली आहे. ८० वर्षे पूर्ण केलेल्यांना पूर्वी मुलाखतीतून सूट मिळत असे. २ सप्टेंबर २०२५ पासून ती सामान्यतः राहिलेली नाही. तेव्हा "आमच्या शेजाऱ्यांना मुलाखत द्यावी लागली नव्हती" या माहितीवर विसंबू नये. नियम बदलत असतात. अर्ज करण्याच्या वेळी काय लागू आहे ते अधिकृत ठिकाणीच पाहावे.

आणखी एक गैरसमज फार पसरलेला आहे. व्हिसा दहा वर्षांचा मिळाला म्हणजे आपण हवे तितके दिवस राहू शकतो, असे पुष्कळांना वाटते. व्हिसा म्हणजे दारापर्यंत येण्याची परवानगी. आत किती दिवस राहायचे हे तेथील विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. सामान्यतः तो सहा महिन्यांची मुदत देतो. ही तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते. मुलाकडून ती पहिल्याच आठवड्यात काढून घ्यावी आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खूण करून ठेवावी. त्या तारखेनंतर एक दिवस जरी अधिक राहिले, तरी तो दहा वर्षांचा व्हिसा रद्दबातल ठरतो.

आता प्रकृतीकडे वळू. मी वैद्य नव्हे. परंतु वैद्याला काय विचारावे, एवढे सांगू शकतो. विमान उंचावर असताना आतील हवेचा दाब सुमारे सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो. आपले बंगळूर तीन हजार फुटांवर आहे. म्हणजे उटीच्या उंचीवर नेऊन, कोरड्या हवेत, चौदा-पंधरा तास एका खुर्चीत बसवून ठेवल्यासारखेच हे झाले. निरोग्याला त्याचे काही वाटत नाही. ज्यांना हृदयविकार आहे, दम्याचा त्रास आहे, रक्त कमी आहे किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी "मी विमानप्रवास करू का?" असा सरळ प्रश्न आपल्या डॉक्टरांना विचारावा. डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत वायूचा बुडबुडा सोडला असेल, तर तो विरून जाईपर्यंत विमानात पाऊल ठेवू नये. दृष्टीलाच धोका असतो.

लांबच्या प्रवासात पाय लोंबकळत राहून शिरांमध्ये रक्ताची गुठळी होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, चार तासांहून अधिक काळ बसून केलेल्या प्रवासानंतर हा धोका सुमारे दुप्पट होतो. तथापि प्रत्यक्षात तो सहा हजारांत एकास, एवढा अल्प असतो. यास्तव घाबरून जाण्याचे कारण नाही. दर तासाला उठून दोन फेऱ्या माराव्यात, बसल्या जागी घोटे फिरवावेत, पाणी पीत राहावे. स्वच्छतागृहात जावे लागेल म्हणून पाणीच न पिण्याची आपल्या भगिनींची जी सवय आहे, ती येथे सोडावी. पूर्वी गुठळीचा विकार झालेल्यांनी किंवा नुकतीच गुडघ्याची शस्त्रक्रिया करून घेतलेल्यांनी पायमोजे वा औषध यांविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

केनियातील अभयारण्ये पाहण्यास जाणाऱ्यांना पिवळ्या तापाची लस लागते. ती सरकारमान्य केंद्रातच आणि निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. प्रमाणपत्र नसल्यास परत येताना आपल्याच देशात अलग ठेवले जाण्याची वेळ येऊ शकते. परंतु साठीनंतर ही लस प्रथमच घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामांचे प्रमाण तरुणांहून अधिक असते. म्हणून सहलीचे पैसे भरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. पैसे भरल्यावर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ऐकण्याची आपली मनःस्थिती नसते.

औषधांविषयी चार नियम आहेत. संपूर्ण मुक्कामाला पुरतील इतकी, आणि वर पंधरा दिवसांची अधिक घ्यावीत. ती मूळ वेष्टनातच ठेवावीत. डबीत मोकळ्या गोळ्या नेऊ नयेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे, कारण आपल्याकडची व्यापारी नावे तेथे कोणी ओळखत नाही. आपल्या पॅरासिटामॉलला अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणतात. आणि औषधे हातातल्या पिशवीतच ठेवावीत. मोठी पेटी चुकून दुसऱ्या देशी गेली, तर साडी उसनी मिळेल, रक्तदाबाची गोळी मिळणार नाही. इन्सुलिन तर सामानकक्षात ठेवूच नये. तेथील थंडीने ते गोठून निकामी होऊ शकते. दिवस लांबला वा आखडला की इन्सुलिनच्या वेळा कशा बदलायच्या, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे.

काही औषधांवर काही देशांत कडक निर्बंध आहेत. ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेली वेदनाशामके आणि खोकल्याची औषधे आखाती देशांत परवानगीवाचून नेणे हा गुन्हा ठरतो. सिंगापूरला झोपेच्या काही गोळ्यांसाठी आगाऊ अनुमती लागते. आणि भगिनींनो, येथे आपले स्वयंपाकघरही आड येते. खसखस ही अफूच्या झाडाची बी असल्याने ती संयुक्त अरब अमिराती, सौदी अरबस्तान आणि सिंगापूर येथे निषिद्ध आहे. दिवाळीत दुबईच्या लेकीसाठी प्रेमाने केलेल्या अनारशांवर खसखस असते, हे लक्षात ठेवावे. सुके खोबरे तेलकट असल्याने पेट घेणारा पदार्थ मानतात आणि सामानात सापडल्यास काढून ठेवतात. लोणचे हातातल्या पिशवीत न्यायचे तर शंभर मिलिलिटरचा नियम आडवा येतो. ते नीट बांधून मोठ्या पेटीत घालावे. अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात उतरताना खाण्याचे पदार्थ आहेत काय, असे विचारतात. तेव्हा "होय" म्हणावे आणि पेटी उघडून दाखवावी. सांगितलेला पदार्थ फार तर काढून घेतील. लपवलेल्या पदार्थासाठी दंड होतो.

यानंतर विमा. आपल्यापैकी निवृत्त केंद्रीय कर्मचाऱ्यांना सरकारी आरोग्य योजनेच्या कार्डाचा मोठा आधार असतो. परंतु परदेशातील रुग्णालयाच्या खिडकीपाशी ते कार्ड दाखवून उपयोग नाही. अमेरिकेत ज्येष्ठांसाठी जी मेडिकेअर योजना आहे, ती पाहुण्यांना लागू होत नाही. तेथे अपघात विभागातील एका रात्रीचा खर्च आपल्या निवृत्तिवेतनाच्या हिशेबात बसणारा नाही. विमापत्र घेताना हप्ता किती स्वस्त, हे शेवटी पाहावे. आधीपासून असलेल्या विकारांमुळे उद्भवलेल्या आजाराचा खर्च मिळेल काय, पहिली किती रक्कम आपल्यालाच भरावी लागेल, वयामुळे काही मर्यादा आहे काय, हे आधी विचारावे. मधुमेह आणि रक्तदाब लपवू नये. लपवल्याने हप्ता थोडा कमी होतो, पण ऐन प्रसंगी दावा फेटाळला जातो आणि सारा भार मुलाच्या शिरावर पडतो. दातांचा इलाज बहुतेक विम्यांत नसतो. म्हणून निघण्यापूर्वी दात दाखवून घ्यावेत आणि चष्म्याचा दुसरा जोड बरोबर ठेवावा.

प्रवासाच्या दिवशी देवनहळ्ळीस पोहोचायला शहराच्या दक्षिण भागातून दोन-अडीच तास सहज लागू शकतात, हे बंगळूरकरांना सांगायला नको. सप्टेंबर २०२३ पासून आंतरराष्ट्रीय विमाने केम्पेगौडा विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलवरून सुटतात. इमारत देखणी आहे, तशी विस्तीर्णही आहे. वाटेत विमान बदलायचे असेल, तर मध्ये निदान तीन तास असावेत, असे तिकीट काढतानाच मुलाला सांगावे.

येथे चाकांच्या खुर्चीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. काहींना ती मागण्याचा संकोच वाटतो; काही जण गरज नसता केवळ रांग टाळण्यासाठी ती मागतात, आणि मग ज्याला खरोखर हवी त्याला ती मिळत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईस आलेल्या एका ८० वर्षांच्या प्रवाशाचे उदाहरण मन विषण्ण करणारे आहे. पती-पत्नी दोघांनीही खुर्ची सांगितलेली होती. खुर्च्या कमी होत्या. पत्नीला मिळाली, त्यांना थांबण्यास सांगण्यात आले. ते पत्नीबरोबर चालत निघाले, पासपोर्ट तपासणीपाशी कोसळले आणि त्यात त्यांचा अंत झाला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या विमान कंपनीस ३० लाख रुपये दंड केला. दंड योग्यच झाला. पण गेलेला माणूस परत आला नाही. म्हणून माझे सांगणे असे की, ज्यांना लांब चालवत नाही त्यांनी खुर्ची तिकिटाबरोबरच मागून ठेवावी, आणि ती येईपर्यंत, कितीही वेळ लागो, जागचे हलू नये. ज्यांना चालवते त्यांनी ती दुसऱ्यासाठी सोडावी.

मुलाचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक इंग्रजीत लिहिलेला कागद खिशात असावा. सारे काही भ्रमणध्वनीत आहे, असे म्हणून चालत नाही. त्याची बॅटरी नेमकी उतरते. पती-पत्नी बरोबर जात असतील तर दोघांकडेही असा कागद हवा. आपल्या घरांत कागदपत्रे यजमानांच्या पिशवीत असतात आणि गृहिणीला आपल्या पासपोर्टाचा क्रमांकही ठाऊक नसतो. गर्दीत चुकामूक झाली तर ती माउली काय सांगणार?

तेथे पोहोचल्यावर पहिले चार-सहा दिवस शरीराला द्यावेत. दिवसा उजेडात फिरावे आणि झोप आली तरी रात्रीपर्यंत थोपवावी. रस्ता ओलांडताना विशेष जपावे. आपण आधी उजवीकडे पाहतो. अमेरिकेत आणि युरोपच्या मुख्य भूमीवर वाहन आधी डावीकडून येते. जन्मभराची सवय चार दिवसांत जात नाही. संकटकाळी अमेरिकेत ९११ आणि युरोपात ११२ हा क्रमांक फिरवावा.

आता शेवटचा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. महर्षी कर्व्यांना आपल्या प्रवासाचे प्रयोजन ठाऊक होते, असे मी आरंभी म्हटले. आपल्याला ते ठाऊक असते काय? सहा महिने मुलीकडे जायचे ठरते, आणि तेथे गेल्यावर कळते की ती दोघे सकाळी आठला बाहेर पडतात, बाळ आजीच्या स्वाधीन असते, गाडी चालवता येत नाही म्हणून कोठे जाता येत नाही आणि बाहेर बर्फ आहे. आजीआजोबांनी नातवंडे सांभाळू नयेत, असे मी म्हणत नाही. ते आपले सुखच आहे. पण किती दिवस, कोणते काम, सुटीच्या दिवशी आपल्याला कोण बाहेर नेणार, आजारी पडलो तर काय करायचे, हे निघण्यापूर्वी मोकळेपणाने बोलून घ्यावे. मुलांना ते आवडत नाही असे नाही; विचारण्याचे धैर्य आपल्यालाच होत नाही. सहा महिन्यांचाच मुक्काम केला पाहिजे असेही कोठे लिहिलेले नाही. दहा आठवडे आनंदाने राहून परतणे अधिक श्रेयस्कर. जवळचे ग्रंथालय, चालत जाता येईल अशी बाग आणि मराठी माणसे यांची चौकशी आधीच करावी. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. उत्तर अमेरिकेतील मंडळांना एकत्र आणणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झाले. परप्रांतात राहून मंडळाचे मोल काय असते, हे आपल्याला निराळे सांगावयास नको.

जाताना घरची घडीही नीट बसवून जावे. निवृत्तिवेतनधारकांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. ८० वर्षांवरील मंडळींना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. नोव्हेंबर २०२१ पासून भ्रमणध्वनीवर चेहरा दाखवूनही हा दाखला देण्याची सोय झाली आहे. परदेशात असल्यास तेथील भारतीय वकिलातीतही तो मिळू शकतो. वारसनोंद आणि मृत्युपत्र पाहून ठेवावे. हे अभद्र नव्हे; मागे राहिलेल्यांची ती सोय आहे. पासपोर्टाच्या दोन प्रती काढाव्यात. एक शेजाऱ्यांकडे, एक सामानात. तो हरवल्यास पोलिसांत तक्रार देऊन वकिलातीकडे गेले की स्वदेशी परतण्यापुरते तातडीचे प्रमाणपत्र मिळते, आणि त्या वेळी ही प्रत उपयोगी पडते.

ही सारी यादी ऐकून कोणाला वाटेल, त्यापेक्षा घरीच बसलेले बरे. प्रकृती साथ देत नसेल, तर न जाण्याचा निर्णयही तितकाच सन्मानाचा आहे; मुलांना इकडे बोलवावे. परंतु केवळ धास्तीपोटी राहून जाऊ नये. ही कामे एका बैठकीत करायची नाहीत. आठवड्याला एक केले, तरी चार महिन्यांत सारी उरकतात. आणि मग विमानात बसल्यावर दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहण्याची वेळ येत नाही. आपला पासपोर्ट आपल्या हातात, आपली औषधे आपल्या पिशवीत आणि परतीची तारीख आपल्या ध्यानात असली, की खिडकीतून बाहेरचे ढग पाहण्यास मन मोकळे राहते.

जे जाणार आहेत त्यांना शुभेच्छा. परत आल्यावर मंडळात येऊन आपले अनुभव अवश्य सांगावेत, म्हणजे पुढे जाणाऱ्यांस त्यांचा उपयोग होईल.